लावलेली झाडे आणि जगलेली झाडे

जून महिन्याची ५ तारीख जागतिक पर्यावरण दिन म्हणून पाळण्याची वहिवाट आता आपल्याकडील विद्यालयांत चांगलीच रुळली आहे. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या बाजूस, महाविद्यालयांची संख्या मोठी. तेथे हा दिवस, त्यामागून जुलैत येणारा वनमहोत्सव, आणि वर्षभर अधूनमधून होणाऱ्या स्वच्छतेच्या फेऱ्या, भित्तिपत्रकांच्या स्पर्धा, पथनाट्ये, व्याख्याने व शपथविधी असा कार्यक्रमांचा भरणा असतो. ह्या सर्वांशी शेतकऱ्याचा संबंध काय, असे आमच्या वाचकांपैकी काहीजण विचारतील. आमच्या मते संबंध निकटचा आहे. त्या आवारांत शिकणारी मुले उद्या अभियंते, अधिकारी, वकील होणार; धरण कोठे बांधावे, रस्ता कोणाच्या शेतातून न्यावा, जंगलाची हद्द कोठे आखावी हे त्यांच्याच लेखणीने ठरणार. शिवाय आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली तेथेच शिकावयास आहेत. झाड म्हणजे काय आणि पाणी कोठून येते, हे त्यांस कोणत्या रीतीने शिकविले जाते, इकडे शेतकरीवर्गाने काणाडोळा करून चालणार नाही.

प्रथम तारखेचीच गोष्ट घेऊ. १९७२ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे राष्ट्रसंघाची पर्यावरणविषयक परिषद भरली. ती ५ जूनला सुरू झाली म्हणून तो दिवस जगाने धरला. त्या तारखेचा कोकणच्या पावसाशी काही संबंध नाही. मुंबईस पाऊस सामान्यतः ११ जूनच्या आसपास येतो. मृग नक्षत्र लागते ७ किंवा ८ जूनला. म्हणजे ५ जूनला उपनगरातील जमीन तापून कडक झालेली असते. अशा मातीत पाहुण्यांच्या हस्ते रोप लावावयाचे, पाण्याची एक झारी घालावयाची, छायाचित्र काढावयाचे आणि मंडपात परतावयाचे, हे ज्याने एकदा तरी आंब्याचे कलम लावले आहे त्या माणसास पाहवणार नाही. त्यात बहुतेक महाविद्यालयांस तेव्हा सुट्टी असते किंवा प्रवेशाची धांदल चालू असते. विद्यार्थी असतात ते बोलावून आणलेले. ५ जूनला व्याख्यान ठेवा, प्रदर्शन भरवा, खड्डे नीट झाले आहेत की नाहीत ते पाहा. रोपास हात लावू नका, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे.

वनमहोत्सवाची तारीख मात्र शेतीची जाण ठेवून ठरलेली दिसते. कन्हैयालाल मुनशी हे केंद्रात अन्न व शेती खात्याचे मंत्री असता १९५० साली त्यांनी हा उत्सव देशभर सुरू केला आणि त्यास जुलैचा पहिला आठवडा नेमून दिला. तोपर्यंत कोकणपट्टीत आर्द्रांचा पाऊस होऊन माती खोलवर भिजलेली असते व पुढे दोन अडीच महिने ओल टिकण्याची खात्री असते. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ज्या भारतीय विद्या भवनाची स्थापना मुनशींनी १९३८ साली केली, त्याचे महाविद्यालय १९४६ सालापासून अंधेरीसच आहे. तेव्हा वनमहोत्सव ही दिल्लीहून आलेली परकी गोष्ट आहे, असे उपनगरातील महाविद्यालयांस तरी म्हणता येणार नाही. घाटकोपरशेजारच्या विद्याविहाराचेही तसेच. १९५९ साली ती संस्था उभी करणाऱ्या करमशीभाई सोमैयांचे नाव आधी झाले ते कोपरगावकडील साखरधंद्यात. उसाच्या मळ्यांशी त्या आवाराचे असे जुने नाते आहे.

परंतु तारीख सुधारली म्हणजे काम झाले असे नव्हे. उपनगरात वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो. दसरा दिवाळीनंतर आठ महिने कोरडे. कोवळ्या रोपाचे मरण पावसाळ्यात क्वचित, ते मार्च ते मे ह्या काळात ओढवते. आणि नेमका हाच काळ महाविद्यालयाच्या वेळापत्रकात परीक्षा व सुट्टीचा. जुलैत जेव्हा आकाशच पाणी घालीत असते तेव्हा दीडशे मुले रोपांभोवती उभी असतात. एप्रिलात जेव्हा आठवड्यातून दोनदा घागरभर पाणी हवे असते तेव्हा आवारात पहारेकरी आणि एखादा माळी एवढेच उरतात. वृक्षारोपणाचे सारे अपयश ह्या एका विसंगतीत आहे. मुले आळशी आहेत किंवा शिक्षक ढोंगी आहेत असा ठपका आम्ही ठेवीत नाही. उत्सवाची आखणीच अशी झाली आहे की मेहनतीचे महिने कोणाच्याच वाट्यास येत नाहीत.

सरकारी मोहिमांनीही हीच रीत थोर केली. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी व २०१९ साली तेहतीस कोटी झाडे लावण्याचे संकल्प जाहीर झाले आणि शाळा-महाविद्यालयांस त्यांत ओढण्यात आले. आकडा दरसाल फुगत गेला, पण तो लावण्याचा आकडा होता. पेरणीची एकरे सांगून कोणी पीक मोजीत नाही. किती पोती घरात आली हा आपल्याकडचा हिशोब. तोच महाविद्यालयांनी धरावा.

ह्यासाठी फार खर्च लागत नाही. पदवीचा अभ्यासक्रम निदान तीन वर्षांचा, आणि झाडासही पहिले तीन उन्हाळेच जपावे लागतात. चौथ्या वर्षी त्याची मुळे आपले पाणी आपण शोधू लागतात. पहिल्या वर्षात आलेल्या दोघा-तिघा विद्यार्थ्यांस मिळून एक झाड द्यावे व पदवी घेऊन ते बाहेर पडेपर्यंत त्याची जबाबदारी त्यांचीच ठेवावी. खड्डे वैशाखात दोन फूट खोल काढून ऊन खाऊ द्यावेत. उपनगरातील पुष्कळशी आवारे मुरमाच्या किंवा इमारतींच्या राडारोड्याच्या भरावावर आहेत. तेथे खड्ड्यातील दगडविटा काढून चांगली माती व कुजलेले शेणखत घातल्यावाचून रोप लावण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर लागताच आळे करून त्यावर वाळल्या पानांचा थर द्यावा. उन्हाळ्यासाठी बुडाशी बारीक छिद्र पाडून वात घातलेले मडके शेजारी पुरावे. सुट्टीतही माळ्यास ते आठवड्यातून एक-दोनदा भरता येते. जाती निवडताना गुलमोहराचा मोह आवरावा. त्याचे मूळ मादागास्करातले, फुलोरा नेत्रसुखद, पण ठिसूळ फांद्यांमुळे पावसाळी वाऱ्यात तो धोक्याचा. बहावा, करंज, पांगारा, शिवण, जांभूळ, अर्जुन ही आपल्या मातीतील झाडे त्याहून कितीतरी हुशारीने उभी राहतात.

खताचा विषय निघालाच आहे तर थोडे त्याविषयी. महाविद्यालयाच्या उपाहारगृहात रोज जी भाजी चिरली जाते ती नाशिक, नारायणगाव, जुन्नर इकडच्या मळ्यांतून आलेली असते. तिची देठे, साली व ताटांतील उष्टे ह्यांत आपल्या जमिनीचाच कस असतो. तो परत मातीस मिळण्याऐवजी देवनारच्या उकिरड्यावर जातो. ही जागा १९२७ सालापासून मुंबईचा कचरा पोटात घेत आली आहे. मुलुंडची अशीच एक कचराभूमी २०१८ साली बंद करावी लागली. २०१६ सालच्या घनकचऱ्याच्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या आवाराच्या संस्थांवर ओला कचरा वेगळा ठेवण्याची व शक्यतो आवारातच जिरविण्याची जबाबदारी टाकली. ज्या महाविद्यालयात प्लॅस्टिकविरोधी पथनाट्य होते पण उपाहारगृहामागे खताचा खड्डा नाही, तेथील विद्यार्थ्यांनी आधी तो खड्डा मागावा. सहा महिन्यांत तयार होणारे ते काळे खत हाती घेऊन पाहिले म्हणजे माती हा शब्द त्यांस व्याख्यानांवाचून कळेल.

येथपर्यंत टीका पुष्कळ झाली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पर्यावरण हा विषय सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांस शिकवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला व पुढे २००३ साली त्याची अंमलबजावणी करविली. त्या शिक्षणाचा उपयोग काहीच झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोरेगावची आरे दुग्ध वसाहत १९४९ साली वसली. तेथील गवताळ माळ, झाडी व वारल्यांचे पाडे हा उपनगराचा उरलेला ग्रामीण तुकडा. मेट्रो गाडीच्या आगारासाठी तेथील झाडे तोडण्याविरुद्धचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळले आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. त्या रात्री व दुसऱ्या दिवशी तेथे जे जमले त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. २९ जणांस अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांस पत्र लिहिले, ते अर्ज म्हणून दाखल करून घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला पुढील तोड थांबविली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. मेट्रो नको असे आमचे म्हणणे नाही. गाडी २०२४ सालापासून आरेहून धावू लागली आहे आणि लाखो लोकांस तिची गरज आहे. पण तोडलेल्या झाडांच्या बदल्यात इतकी रोपे लावू, असे वचन देणे किती सोपे व ते पाळणे किती अवघड, हे ज्या मुलांस स्वतः एक झाड तीन उन्हाळे जगवून कळले असेल, त्यांचा शब्द अशा वेळी न्यायालयातही अधिक वजनाचा ठरेल.

आता पाण्याविषयी. ह्या कार्यक्रमांतून ‘पाणी वाचवा’ असे फलक हमखास असतात. नळ कोणत्या गावाचे पाणी देतो हे फलकावर नसते. मुंबईस पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार व तुळशी हे दोनच बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या अंगास शहरात आहेत; बाकीचे पाच ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांत. एकट्या भातसात साऱ्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मा मावतो. ही भातसा व ती तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण गावाचे आणि नळ शहराचा, हे बोरिवली-मुलुंडच्या विद्यार्थ्यांस पुस्तकात कोण सांगणार?

ह्यावर उपाय घरातच आहे. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते व सात दिवसांचे एक शिबिर खेड्यात काढावयाचे असते. ही शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरतात, आणि ओढ्यांतून पाणी वाहते असेपर्यंत रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालण्याची वेळही त्याच सुमाराची. पन्नास मुले सात दिवसांत असे दोन-तीन बंधारे सहज घालू शकतात. त्या पाण्यावर हरभरा, वाल, भाजीपाला निघतो व विहिरींस फाल्गुनापर्यंत आधार मिळतो. शहापूर, मुरबाड, वाडा, विक्रमगड इकडील वाचकांनी आपल्या ग्रामपंचायतीमार्फत उपनगरातील महाविद्यालयांस पावसाळा संपण्यापूर्वीच पत्र लिहावे, ओढ्याची जागा दाखवावी, जेवणाराहण्याची सोय सांगावी. मुलांकडून फक्त गाव झाडून घेण्यात व संध्याकाळी करमणुकीच्या कार्यक्रमात शिबिर संपवू नये. आणि काम चुकारपणे झाले तर तसे शिक्षकांस तोंडावर सांगण्यास भिऊ नये. यजमानपणाच्या भिडेने आपले लोक अशा वेळी गप्प बसतात, ते बरे नाही.

महाविद्यालयांस आमची एक विनंती आहे. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, नव्या उत्सवाची पत्रिका छापण्यापूर्वी, मागल्या दोन वर्षांत लावलेल्या झाडांची गणती करावी: किती लावली, किती उभी आहेत, कोणत्या जातीची टिकली, पाणी कोणी घातले. ज्या संस्था ही गणती करून आमच्याकडे पाठवतील, तिचे आकडे आम्ही ह्या मासिकात जसेच्या तसे छापू. शंभरांपैकी दहाच जगली असली तरी छापू, आणि ती दहा कशी जगली हे विचारण्यास आमचे वाचक आपण होऊन पत्रे लिहितील.