काड जाळू नका, परसबाग करा

प्रवरेच्या काठच्या, बारमाही हिरव्या दिसणाऱ्या आमच्या कोल्हार परिसरात रक्तक्षयाचे रुग्ण असावेत, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटणार नाही. परंतु माझ्या दवाखान्यात दम लागतो, पाय गळून जातात, चक्कर येते अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बायाबापड्यांच्या पापणीची आतली बाजू पाहावी, तर ती पांढुरकी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामागे जंत, पाळीतील अतिस्राव अशी इतर कारणेही असतात. तरीपण ताटातील पालेभाजीचा अभाव हे कारण आपल्या हातातले आहे.

शेतात ऊस आणि भाजी मात्र बाजाराची, अशी आपली रीत झाली आहे. भाव चढला की पहिली काट बसते ती पालेभाजीला. परसबाग करा म्हटले की उत्तर ठरलेले : "डॉक्टरसाहेब, जमीन चोपण आहे," किंवा "अंगणात फरशी आहे." या दोन्ही अडचणींवर एक उपाय शेतातच पडलेला असतो. तो म्हणजे आपण काडी लावून पेटवून देतो ते गव्हाचे काड. त्याच्या धुराने दमेकऱ्यांची रात्र बसून जाते, ते वेगळेच.

काडाच्या घट्ट बांधलेल्या गाठीवरच भाजी लावण्याची पद्धत अमेरिकेत जोएल कार्स्टन यांनी लोकप्रिय केली. ती आपल्याकडेही करून पाहण्यासारखी आहे. उन्हाच्या जागी चार गाठी मांडाव्यात, कापलेली टोके वर ठेवावीत. रोज भरपूर पाणी द्यावे आणि एकाआड एक दिवस प्रत्येक गाठीला मूठभर युरिया टाकून तो पाण्याने आत मुरवावा. काड कुजू लागले की गाठ आतून चांगलीच तापते. दहा-बारा दिवसांनी आत हात घालून पाहावा; ताप उतरला असेल तरच रोप लावावे, नाहीतर मुळे भाजतील. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे थेट लावता येतात. मेथी-पालकासाठी वर दोन-तीन इंच कुजलेले खत पसरून बी टाकावे. हंगाम संपेपर्यंत गाठीचेच खत होते. मे अखेरीस गाठी भिजवल्या तर मृगाला लागवड साधते.

आता वैद्यकीय सूचना. कोरडे काड हाताळताना नाकातोंडाला फडके बांधावे. दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. तणनाशक मारलेल्या शेतातले काड घेऊ नये. पालेभाजीवर ताजे शेण टाकू नये, त्यातून जंतू पोटात जातात. गाठीखाली विंचू-साप आसरा घेतात, म्हणून त्या दारापासून दूर ठेवाव्यात आणि उघड्या हाताने उचलू नयेत. भोवती पाणी साचू देऊ नये, नाहीतर भाजीबरोबर डासही पोसाल. जखम झाल्यास धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नये.

पालेभाजीतील लोह शरीर सहजासहजी शोषत नाही. म्हणून जेवताना लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. माठ, राजगिरा यांच्या जोडीला कुंपणाला एक शेवगा हवाच; त्याचा पाला शेंगेपेक्षाही मोलाचा. मात्र रक्तक्षयाच्या रुग्णाने, विशेषतः गरोदर स्त्रीने, परसबाग आहे म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

परसबाग म्हणजे रिकामटेकड्यांचा छंद, असे मानणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावाकडे पाहावे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपले, परसबागा वाढवल्या. २०२० च्या पद्मश्री पुरस्कारासाठी त्यांची निवड झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीला जे उमगले, ते पाण्यावर बसलेल्या आपल्याला उमगू नये?

तेव्हा यंदा गहू निघाला की पेटवण्याआधी चार गाठी घरी आणा. वाढलेली भाजी घरच्या सुनेच्या आणि लेकीच्या ताटात आधी वाढा. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईचेच रक्त सर्वांत कमी भरते, हे मी रोज पाहतो आहे.