आरोग्यविचार : निखळलेले बोट

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातील धावपळ अमेरिकेतील घराघरांत पोहोचविली ती ‘ई. आर.’ या मालिकेने. १९९४ पासून २००९ पर्यंत ती चालली. तिचे जनक मायकेल क्रायटन यांनी स्वतः हार्वर्डला वैद्यकाची पदवी घेतलेली होती. परंतु पडद्यावर एकंदरीत एक सोपा प्रसंग रूढ झाला आहे. नायकाचे बोट निखळते, तो दातओठ खातो, एक हिसडा, एक ‘कट्’, आणि पुढच्याच क्षणी तोच हात शत्रूची मानगूट धरतो!

खऱ्या उपचारात हिसड्याला स्थान नाही. प्रथम बोटातील अंगठी उतरवितात. सूज चढल्यावर ती कापावी लागते, आणि लग्नाची अंगठी कापून घेणे काहींना दुखण्याहूनही जिव्हारी लागते. मग बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो काय, नख दाबून सोडल्यावर लाली परतते काय, हे पाहून क्ष-किरण चित्र घेतात. कारण निखळलेल्या सांध्यालगत हाडाची कपची उडालेली असू शकते. त्यानंतर बहुधा बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन ते बधिर करतात. मधला सांधा पाठीकडे सरकला असेल तर बोट किंचित मागे वाकवून, सावकाश ओढ देत, सरकलेले हाड पुढे ढकलतात. हे काम काही क्षणांचे. वेळ जातो तो त्यापूर्वीच्या तयारीत, आणि ती तयारी पाहायला प्रेक्षक कशाला बसेल?

बोटाच्या मुळाचा सांधा ही निराळीच गोष्ट. तेथे सरळ ओढ दिल्याने तळव्याकडील चिवट पडदा दोन हाडांच्या मध्ये अडकू शकतो, आणि मग बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. तर्जनीच्या अशा अडकलेल्या सांध्याचे वर्णन इमॅन्युएल कॅप्लन या शल्यविशारदाने १९५७ मध्ये केले. रविवारच्या क्रिकेटात ‘थांबा, मी ओढतो’ म्हणत पुढे सरसावणाऱ्या हितचिंतकाच्या ते गावीही नसते!

सांधा बसल्यावर पुन्हा तपासणी, पुन्हा चित्र, आणि मग दुखरे बोट पुष्कळदा शेजारच्या बोटाशी चिकटपट्टीने बांधतात. फार दिवस जखडून ठेवल्यास ते ताठरते, म्हणून शेजाऱ्याच्या आधाराने ते लवकरच हलवू लागतात. सूज मात्र महिनोन्महिने रेंगाळते, आणि जुनी अंगठी त्या सांध्यावरून पुन्हा सरकेलच असे नाही.