पंधरा रुपयांचा उतारा

महाराष्ट्र शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा घ्यावयाचा झाल्यास १५ रुपये शुल्क पडते. तोच उतारा महाभूलेखवर नुसता पाहावयाचा असेल तर काही द्यावे लागत नाही. परंतु त्यावर स्वाक्षरी नसल्याने कायदेशीर कामास तो चालत नाही. या १५ रुपयांविषयी आमच्या एका सहकाऱ्याने परवा शिक्षककक्षात बरीच तक्रार केली. इंटरनेटवर सारे काही फुकट मिळत असता सरकारनेच पैसे का मागावेत, असा त्यांचा सवाल होता. पूर्वी याच कागदासाठी तलाठी कार्यालयात किती खेटे घालावे लागत, एसटीचे भाडे किती होई आणि बुडालेला दिवस किती रुपयांचा असे, हा हिशेब मात्र त्यांनी मांडलेला नव्हता.

सहकाऱ्यांचा सवाल एकट्यांचा नाही. पाचशे रुपयांचा चहा-फराळ निमूटपणे देणारा मध्यमवर्गीय माणूस मोबाइलवरील एखाद्या उपयुक्त सेवेला वर्षाकाठी तेवढेच पैसे मोजताना दहादा विचार करतो. यात त्याची चूक आहे असेही नाही. एकदा तयार झालेली सेवा आणखी एका माणसाला पुरविण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो, आणि तेव्हा किंमतही शून्य असावी, असे आम्हीच वर्गात शिकवितो. मात्र स्थिर खर्च कोणीतरी भरावाच लागतो, हे त्याच धड्याचे उत्तरार्ध अनेकदा तासाच्या घंटेत बुडून जाते.

तो खर्च कोठून निघतो, हे पाहण्यासारखे आहे. यूपीआयने पैसे देताना आपणांस काही पडत नाही, आणि १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडूनही त्याबद्दल शुल्क घेतले जात नाही; परंतु २०२४-२५ या वर्षातील छोट्या व्यवहारांच्या प्रोत्साहनासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. म्हणजे येथे करदाता पैसे देतो, आणि तो निर्णय निदान उघडपणे घेतलेला आहे. खाजगी कंपन्यांच्या फुकट सेवांत व्यवहार निराळा असतो. माहितीची सुबत्ता झाली की लक्षाची टंचाई निर्माण होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते. ते टंचाईचे लक्ष जाहिरातदारांना विकून कंपन्या आपला खर्च भागवितात. आवळा देऊन कोहळा काढणे हे आपल्या भाषेला नवे नाही. नवे एवढेच, की कोहळा गेल्याचे आपल्या ध्यानातही येत नाही.

पण जाहिरातींचा उपद्रव हा माझ्या मते लहान दोष होय. मोठा दोष असा, की फुकट सेवेवर आपला हक्क निर्माण होत नाही. गुगलने आपली रीडर ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद केली. त्याच कंपनीने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद जागा १ जून २०२१ पासून आवरती घेतली. कंपनीच्या बाजूने यात काही गैर म्हणता येणार नाही. आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही 'सेवा' या संज्ञेच्या व्याख्येतून विनामूल्य दिलेली सेवा स्पष्टपणे वगळलेली आहे. दाद मागावयाची तर मोबदला दिलेला असावा लागतो.

याचा अनुभव आमच्या विभागाने घेतला. आमचे तृतीय वर्षाचे विद्यार्थी कित्येक वर्षे आपापल्या गावांतील कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करीत आले आहेत. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाने मुकादमाकडून किती उचल घेतली, त्यातली किती फिटली, मुले कोणत्या महिन्यात शाळेतून उठली, अशा त्या नोंदी. एका परदेशी कंपनीच्या विनामूल्य सेवेत त्या साठविल्या जात. खाते तेव्हाच्या विभागप्रमुखांच्या नावे होते. ते निवृत्त झाले. पुढे कंपनीने विनामूल्य योजना गुंडाळली आणि तशी आगाऊ सूचना त्यांच्या जुन्या ई-मेल पत्त्यावर धाडली, जो कोणी उघडीत नव्हते. आरंभीच्या पाच वर्षांच्या नोंदी गेल्या. त्यातील काही कुटुंबे आज त्या गावांत राहिलेली नाहीत, त्यामुळे ती पाहणी पुन्हा करणे अशक्य आहे.

तेव्हापासून कोणत्याही सेवेस पैसे देण्यापूर्वी मी एक गोष्ट पाहतो: वर्गणी थांबविली त्या दिवशी आपली सामग्री आपल्या हाती पडते की नाही? संशोधनाचे संदर्भ जपून ठेवणारे झोटेरो या कसोटीस उतरते. ते ना-नफा संस्थेचे असून विनामूल्य आहे. ३०० एमबीहून अधिक जागा हवी असेल तेवढ्याच जागेचे पैसे पडतात, आणि नोंदी केव्हाही बाहेर काढता येतात. लिबरऑफिसची गोष्ट तीच. विकिपीडिया तर जाहिरातींवाचून, देणग्यांवर चालला आहे. मराठी विकिपीडियावरून उत्तरपत्रिका सजविणारे आपण, विद्यार्थी आणि क्वचित प्राध्यापकही, त्याला वर्षाला शंभर रुपये देत नाही. अर्थशास्त्रातला 'फुकटा प्रवासी' शोधण्यास दूर जावयास नको.

पैसे दिले म्हणजे सारे ठीक, असे मात्र नव्हे. वर्गणी सुरू करणे एका बोटाचे काम आणि बंद करणे दहा पानांचे, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा 'वर्गणी-सापळ्या'ची गणना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित प्रकारांत केली आहे.

व्यक्तीने खिशातून काय द्यावे हा प्रश्न तसा लहान आहे. मला काळजी वाटते ती संस्थांची. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही ६,००० कोटींची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, पण ती केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांसाठी. खाजगी शिक्षणसंस्थांनी चालविलेल्या ग्रामीण अनुदानित महाविद्यालयांची भिस्त बव्हंशी इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टवर राहते. आणि नियतकालिकांपलीकडे, आपल्याच नोंदी सुरक्षित ठेवण्यासाठी वार्षिक वर्गणी भरू म्हटले, तर आमच्या अंदाजपत्रकात त्यासाठी शीर्षकच नाही. आम्ही मागणी केली तेव्हा खरेदी समितीने तीन दरपत्रके मागितली. लोखंडी कपाटाला ती मिळतात. वर्गणीचा छापील दर संकेतस्थळावर सर्वांना दिसत असता दुसरे आणि तिसरे दरपत्रक आणावे कोठून? कार्यालयाने सुचविले, की फुकट काही मिळत असेल तर पाहा.

या वर्षीच्या पाहणीसाठीची वर्गणी आम्ही तिघा शिक्षकांनी मिळून भरली आहे. पावती कोणाच्या नावे घ्यावी, हे अजून ठरलेले नाही. आमच्यापैकी एक जण येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत.