'ब्रेक ऑइल' हे ऑइल नव्हे!

परवा पाचाडला जिजाऊंच्या समाधीचं दर्शन घेऊन निघालो, तर ब्रेकचा लाल दिवा लागला. बॉनेट उघडून सर्व्हिस मॅन्युअल चाळू लागलो. शेजारचे एक भले गृहस्थ हसले. "पुस्तकं कसली वाचताय साहेब? ऑइलच ते!" आणि त्यांनी चक्क इंजिन ऑइलचा डबा पुढे केला.

राग त्यांचा नाही आला, त्या शब्दाचा आला. आपण सगळेच 'ब्रेक ऑइल' म्हणतो. अहो, पण ते तेल नव्हेच! डॉट ३ की डॉट ४, हे टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. तिथे इंजिन ऑइल पडलं की आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक दगा देतात. पुढे कोंझरचा घाट. तिथे कुणाचा 'बसलेला हात' कामी येणार?

पुस्तकवालेही कमी नाहीत म्हणा. आकृत्या बघतात, चौकटीतला इशारा सोडतात. नवं डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओल शोषली की हाच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. मग उतारावर ब्रेक तापतात, वाफ धरते, पेडल थेट तळाला! म्हणून सीलबंद डबाच वापरायचा. आणि पातळी उतरली कशाने? पॅड झिजले की गळती आहे? ते न बघता नुसतं भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मी गाडी हलवलीच नाही. महाडहून मेकॅनिक बोलावला. तीन तास गेले. गेले तर गेले!

अनुभवाला माझा नमस्कार आहे. पण ती चौकटही कुणाच्या तरी अनुभवातूनच आलेली असते ना?