कोर्स आधी आखा, कॅमेरा नंतर घ्या

पोर्ट्रेट फोटोग्राफीचा क्लास काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "सर, कॅमेरा कोणता घेऊ?" माझं मत सरळ आहे: आधी बॅच ठरवा. कर्ज काढून महागडा कॅमेरा घेतला तर हप्ता लगेच सुरू होतो, फी मात्र बॅच भरल्यावरच येते.

वर्गातून धंदा उभा राहतो, हे आपल्याकडे जुनंच आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत पोर्ट्रेट स्टुडिओ चालवला.

आता सुलतानपूरला बारा मुलांची बॅच धरा. दोन कॅमेरे, दोन ५० एमएम लेन्स, दोन लाइट, रिफ्लेक्टरला थर्माकोल. बास. सहा-सहाचे दोन गट करा. एक फोटो काढतो, एक समोर बसतो, एक लाइट धरतो, एक थर्माकोल. उरलेले दोघं बघून चुका सांगतात. वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. दोन तासांत प्रत्येकाच्या हाती कॅमेरा येतो. सुरुवातीला तर उत्तरेच्या खिडकीचा उजेडही पुरतो (लाइट गेली तरी क्लास चालू!).

पैसा बुडतो तो सामान सांभाळताना. ट्रिगर, बॅटरी, मेमरी कार्ड, हेच हरवतं. प्रत्येक वस्तूवर नंबर टाका, वहीत सही घ्या, परत घेताना चालू करून बघा. विद्यापीठात यासाठी वेगळा माणूस असतो, इथे तुम्हीच. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

आणि लग्नसराईत कॅमेरा भाड्याने देऊ नका. चार पैसे मिळतील, पण सोमवारी मुलं आली आणि कॅमेरा मेहकरला असला, तर शिकवणार कशावर?