भाडेपट्ट्यावरची क्रांती

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे सध्या मोठे कौतुक चालू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या देशात एमजी कंपनीने ‘विंडसर’ ही गाडी आणली, तेव्हा योजना अशी मांडली : गाडी विकत घ्या, बॅटरी भाड्याने घ्या. गाडीची सुरुवातीची किंमत ९ लाख ९९ हजार, आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. पुढे बॅटरीसह गाडी विकत घेण्याची सोयही झाली. पण भाड्याची ही कल्पना आली म्हणून अमेरिकेतील एक जुने प्रकरण चळवळीच्या वाचकांसमोर ठेवणे आवश्यक वाटते. तिथे एका प्रस्थापित कंपनीने अख्खी गाडीच भाड्याने दिली होती. त्या गाडीचे पुढे काय झाले, हे समजून घेतले पाहिजे.

कॅलिफोर्निया राज्यात, विशेषतः लॉस एंजेलिस शहरात, गाड्यांच्या धुराने लोकांचा जीव गुदमरत होता. म्हणून १९९० साली तिथल्या हवा नियंत्रण मंडळाने नियम केला. मोठ्या कंपन्यांनी राज्यात विकलेल्या गाड्यांपैकी १९९८ पर्यंत दोन टक्के आणि २००३ पर्यंत दहा टक्के गाड्या बिनधुराच्या असल्या पाहिजेत. कायद्याचा बडगा दिसताच, जे ‘अशक्य’ म्हणून सांगितले जात होते ते शक्य झाले. डिसेंबर १९९६ मध्ये जनरल मोटर्सने ‘ईव्ही१’ ही दोन आसनी, छोटी, विजेवरची गाडी रस्त्यावर आणली.

परंतु एक मेख होती. ही गाडी कोणालाही विकत मिळत नव्हती. फक्त भाडेपट्ट्याने मिळे, तीही लॉस एंजेलिस, फिनिक्स आणि टक्सन अशा मोजक्या शहरांत. काही वर्षांत एकूण १,११७ गाड्या बनल्या. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीचा हा आकडा आहे!

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. तंत्रज्ञान नवे आहे, बॅटरी किती टिकेल सांगता येत नाही, सुटे भाग पुरवता येणार नाहीत, अपघात झाल्यास जबाबदारी आमच्यावर येईल, असे तिचे म्हणणे होते. यात काही खरेही होते. पहिल्या गाड्या एका चार्जमध्ये जेमतेम शंभरएक किलोमीटर जात. पण १९९९ च्या सुधारित गाडीत निकेलची नवी बॅटरी आली आणि हे अंतर बरेच वाढले. गाडी सुधारत होती. दुसऱ्या बाजूला तिला जन्म देणारा नियम मात्र खिळखिळा केला जात होता. १९९६ मध्येच १९९८ ची अट रद्द झाली. उरलेल्या नियमाविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या. २००२ साली बुश सरकारनेही न्यायालयात त्यांचीच बाजू घेतली. २००३ मध्ये मंडळाने नियम सैल केला.

नियम सैल झाला आणि गाड्या परत मागवण्यात आल्या. चालवणारे विनवण्या करीत होते, आम्हाला विकत द्या म्हणत होते. २००५ साली बरबँक येथे उरलेल्या गाड्यांभोवती लोकांनी रात्रंदिवस पहारा दिला. ७८ गाड्यांसाठी सुमारे १९ लाख डॉलर देण्याची तयारी दाखवली. कंपनीने ऐकले नाही. बहुतेक गाड्या चिरडून भंगारात गेल्या. थोड्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना देण्यात आल्या.

आता दुसरे उदाहरण पाहा. टोयोटानेही त्याच काळात ‘रॅव्ह४’ ही विजेवरची गाडी आधी भाडेपट्ट्यानेच दिली. मात्र २००२ मध्ये तीनशेहून अधिक गाड्या तिने सामान्य ग्राहकांना विकल्या. त्या विकलेल्या गाड्या पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर धावत राहिल्या. राज्य तेच आणि काळही तोच होता. फरक एवढाच की, इथे कागदावर चालवणाऱ्याचे नाव मालक म्हणून होते.

कोकणच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. खोतीत कूळ पिढ्यान्पिढ्या जमीन कसत होते, पण हुकूम खोताचा चालत होता. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. ‘खोताने जरा दयाळू व्हावे’ अशी मागणी बाबासाहेबांनी केली नाही. खोतीच नको, असे ते म्हणाले. दयेवर मिळालेली गोष्ट दया संपली की जाते, हे त्यांनी ओळखले होते.

कोणी म्हणेल, उपाशी कूळ कुठे आणि ईव्ही१ चालवणारे श्रीमंत अमेरिकन कुठे? बरोबर आहे. तुलना माणसांची नाही, करारनाम्याची आहे. त्या गाडीच्या भाडेकरूंत सिनेनट होते, पैसेवाले होते. त्यांच्यामागे वृत्तपत्रे होती. तरीही त्यांच्या दारातून गाडी उचलून नेली. मग ज्याच्यामागे कोणी नाही त्या गरिबाचे काय होईल?

आणि खरे नुकसान तर त्यांचे झालेच नाही. ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीत बसले. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्ससारख्या वस्तीत, जिथे मोठमोठे महामार्ग एकमेकांना मिळतात, तिथे लॅटिनो कष्टकरी राहतात. दोन आसनांची, घरी चार्जर लागणारी ती गाडी त्यांच्यासाठी नव्हतीच. त्यांच्यासाठी होता तो स्वच्छ हवेचा नियम. तो सैल झाला तेव्हा धूर त्यांच्या वाट्याला आला. गाडीसाठी पहारा झाला, पण नियमासाठी तितका कडक पहारा झाला नाही.

म्हणून या प्रकरणातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. कायदा झाला म्हणजे लढाई संपली असे नाही. संविधान राबवणाऱ्यांच्या हेतूवर त्याचे यश अवलंबून असते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिलाच आहे. आणि कोणतीही नवी सोय दारात आली की पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. मालक कोण, आणि ती परत नेण्याचा अधिकार कोणाकडे, हे आधी विचारावे. विजेवरची रिक्षा असो, घर असो की कंत्राटी नोकरी, करारनाम्याचे शेवटचे पान आधी वाचावे. परत घेण्याची अट बहुधा तिथेच लिहिलेली असते.