विश्लेषण : हिपॅटायटिस ‘सी’ बरा होताना ‘बी’ का उसळतो?

हिपॅटायटिस ‘सी’ हा आज बरा होणारा आजार आहे. सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटास्विर या गोळ्या १२ आठवडे घेतल्या की ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. मात्र त्याच रुग्णाच्या यकृतात ‘बी’चा विषाणूही दडून बसला असेल तर हाच उपचार अंगाशी येऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये या गटातील औषधांच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्यामागे असेच २४ रुग्ण होते. त्यातील दोघे दगावले आणि एकाचे यकृत बदलावे लागले.

नेमके काय घडते?

दोन्ही विषाणू यकृतातच वाढतात. एकत्र आले की बहुतेकदा ‘सी’ वरचढ ठरतो आणि ‘बी’ची वाढ दबते. औषधे ‘सी’ला काही आठवड्यांत संपवतात, ‘बी’वर मात्र त्यांचा परिणाम होत नाही. दाब गेला की ‘बी’ उसळतो, साधारणपणे उपचाराच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात. म्हणजे औषधात खोट नाही. खोट आहे ती ‘बी’ची चाचणी न करता गोळ्या सुरू करण्यात.

असे रुग्ण किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना ‘बी’ आणि ५ कोटींना ‘सी’ होता. भारतात हे आकडे अनुक्रमे २.९८ कोटी आणि ५५ लाख. बातम्यांमध्ये या दोन्हींची सरळ बेरीज केली जाते; पण दोन्ही विषाणू असलेला माणूस तिथे दोनदा मोजला जातो.

साधे गणित करून पाहता येते. भारतात ‘बी’चे प्रमाण सुमारे २.१ टक्के. दोन्ही आजारांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता, तरी ५५ लाखांपैकी १ लाख १५ हजारांच्या आसपास लोकांमध्ये निव्वळ योगायोगाने दोन्ही सापडले असते. प्रत्यक्षात संबंध आहे, कारण दोघांचीही एक वाट रक्ताची आहे. पुन्हा वापरलेली सुई, नीट निर्जंतुक न केलेली उपकरणे, डायलिसिस, थॅलेसेमियात वारंवार द्यावे लागणारे रक्त, टोचून घेतले जाणारे अमली पदार्थ. गुजरातमधील मोडासा येथे २००९ मध्ये ‘बी’ची जीवघेणी साथ आली, तेव्हा तपासात बोट गेले ते पुन्हा वापरलेल्या सिरिंजवरच. त्यामुळे अशा गटांमध्ये दुहेरी संसर्ग योगायोगापेक्षा बराच जास्त आढळतो.

दोन्ही एकत्र असले की यकृताचा सिरॉसिस आणि कर्करोग यांचा धोका एकेकट्या संसर्गापेक्षा वाढतो. डोळे पिवळे होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही; जुनाट संसर्गात कावीळ वर्षानुवर्षे दिसतच नाही. जगभरात ‘बी’ असलेल्यांपैकी निदान झालेले जेमतेम १३ टक्के आहेत, ‘सी’च्या बाबतीत ३६ टक्के.

चाचणी कोणती?

‘सी’चे उपचार सुरू करण्याआधी ‘बी’साठी एचबीएसएजी ही चाचणी करायलाच हवी. ती निगेटिव्ह आली तरी पूर्वी होऊन गेलेला संसर्ग अँटी-एचबीसी चाचणीत दिसतो. अशा रुग्णांत ‘बी’ उसळण्याची शक्यता कमी, पण शून्य नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्ही आजारांचे निदान व उपचार सरकारी केंद्रांवर मोफत आहेत.

‘सी’वर लस नाही. ‘बी’वर आहे आणि जन्मानंतर २४ तासांत पहिला डोस दिला जातो. पण ती देशभरातील सार्वत्रिक लसीकरणात आली २०११ मध्ये. आजच्या बहुतांश प्रौढांना ती बाळपणी मिळालेलीच नाही.

दोन्ही संसर्ग सापडले तर ‘सी’च्या गोळ्यांबरोबर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. ‘सी’ची गोळी १२ आठवड्यांत थांबते, ‘बी’ची मात्र अनेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागते.